वाडा, ओढ आणि अडलेलं कोडं: तुमचे अनुभव सांगा

जुना काळ, दोन जिवांची ओढ, मेल्यावरही न सुटलेलं कुणीतरी आणि सोडवायला एक कोडं. हे चारही एकत्र आलं की मी जेवणखाण विसरते. सध्या अशीच एक पुण्यातली गोष्ट लिहितेय, म्हणून हा धागा.

आपल्याकडे विषय निघाला की गाडी शनिवारवाड्यातल्या ‘काका, मला वाचवा’पाशी जाते आणि तिथेच थांबते. मला मात्र पार्वतीबाई झोपू देत नाहीत. सदाशिवरावभाऊंबरोबर त्या पानिपताला गेल्या होत्या. १४ जानेवारी १७६१ नंतर त्या परत आल्या, भाऊ आले नाहीत. नवरा गेला हे त्यांनी मानलंच नाही, कुंकू पुसलं नाही. पुढे एक माणूस ‘मीच भाऊ’ म्हणत उभा राहिला. त्याला रत्नागिरीला कैदेत ठेवलं, तिथून तो सुटला, फौज जमवली, आणि शेवटी १७७६ साली त्याला मारलं. त्या सगळ्या काळात या बाईच्या मनात काय चाललं असेल? १७८३ मध्ये त्या गेल्या, तोवर बावीस वर्षं वाट बघणंच चालू होतं. यात वेगळं भूत घालायची गरजच नाही.

घरी ऐकलेलं, स्वतःला जाणवलेलं, लिहिताना शोधलेलं, काहीही लिहा. भुतं असतात की नसतात हा वाद इथे नको. मला अशा गोष्टीत एकच हवं असतं: त्या बाईला शेवटी नाव मिळावं, तिचा काळ कळावा.

कसब्यातली लेक

आमच्या आत्याचं घर शनिवारवाड्याच्या मागच्या अंगाला. पौर्णिमेला आम्हा मुलांना खिडकीत बसू द्यायचे नाहीत. आत्या मात्र नारायणरावांपेक्षा गंगाबाईंबद्दल जास्त सांगायची. ३० ऑगस्ट १७७३ ला नवऱ्याचा खून झाला, तेव्हा ती पोटुशी होती. तिला पुरंदरावर नेलं आणि १८ एप्रिल १७७४ ला तिथे सवाई माधवराव जन्मले. आत्या म्हणायची, ‘हाक त्याची ऐकू येते सगळ्यांना, पण ती ऐकली तिनं. पुढचं आयुष्य तिला ती हाक घेऊन काढायचं होतं.’ मी आवाज कधी ऐकलेला नाही. पण त्या भिंतीशेजारून जाताना मला आजही गंगाबाईच आठवतात.

शिरूरकडचा

मस्तानीबद्दल लिहितो. केळकर संग्रहालयात कोथरूडच्या तिच्या महालाचे अवशेष आणून दालन उभं केलंय. तिथे मला दर वेळी कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं वाटतं. आमच्या भागात, पाबळला, तिची कबर आहे. बाजीराव २८ एप्रिल १७४० ला नर्मदेकाठी रावेरखेडीला वारले आणि त्यानंतर लवकरच ती गेली. कुणी म्हणतं विष घेतलं, कुणी म्हणतं धसक्याने. आमच्या गावाकडे दोन्ही सांगणारे आहेत आणि दोघंही हट्टाने सांगतात. लेखिकाताई, तुमच्या गोष्टीत कोडं सुटावं असं तुम्ही म्हणता. मला इथे ते सुटलेलं नको आहे. तिच्या मरणावर आपण आपला निकाल लावू नये.

नारायण पेठेची सून

माझा अनुभव लांब आहे, पण पूर्ण सांगते.

सासरच्या वाड्यात माजघरात रात्री जमीन उकरल्याचा आवाज यायचा. तो मी स्वतः ऐकलाय. कुदळीचा एक ठोका, मग माती ओढल्यासारखं काहीतरी. त्यानंतर दिंडी दरवाज्याचा अडसर सरकायचा. आजेसासूबाईंनी हिरव्या लुगड्यातली सवाष्ण दारापर्यंत जाताना पाहिली होती. घरात ठरलेलं उत्तर होतं: पेशवाईतलं धन पुरलंय, आणि ती बाई पानिपताला गेलेल्या नवऱ्यासाठी दार उघडते. चुलतसासऱ्यांनी धनासाठी एक कोपरा खणूनही पाहिला होता.

मी मोडी शिकले आणि माळ्यावरचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, सोडले. पहिल्याच रुमालात जागेचं खरेदीखत निघालं, शके १७६२ चं. म्हणजे १८४०. वाडा त्यानंतरचा, तेव्हा पानिपत बाद झालं. मग ही कोण?

घरखर्चाच्या वह्यांनी सांगितलं. सासऱ्यांच्या एका चुलत आजोबांच्या हातच्या वह्या, सगळा हिशेब मोडीत. पण एका वहीत समासात बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षरांचा कित्ता होता. वरची ओळ त्यांची, घोटीव. खाली तीच ओळ थरथरत्या हाताने गिरवलेली. पानामागून पान. ते बायकोला लिहायला शिकवत होते, तेही हिशेबाच्या वहीत, म्हणजे कुणाच्या नजरेत येऊ नये अशा जागी. मी ती पानं बघत किती वेळ बसले होते, सांगता येत नाही.

शके १८१८ च्या फाल्गुनात त्यांचा हात थांबतो. म्हणजे मार्च १८९७. पुण्यात प्लेग, रँडची कमिटी, घरोघर शिरून झडती घेणारे गोरे शिपाई. आजाऱ्याला इस्पितळात न्यायचे, घरच्यांना छावणीत. याच मार्चच्या १० तारखेला प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, इतका तो महिना वाईट होता.

पुढच्या पानापासून हिशेब बाळबोधीत आहे, तेच थरथरतं अक्षर. पहिल्याच नोंदींत लिहिलंय: माजघर उकरले, मुरूम, चोपणे, चुना, मजुरी. जंतू मारायला जमिनी उकरायचे, भिंतींना चुना फासायचे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ज्याला धनाचा आवाज म्हणत आले, तो तिच्या संसाराची जमीन उकरली गेल्याचा होता.

आणि शिधा. घरात ती दोघंच, मूलबाळ नाही. ती एकटी राहिली तरी तांदूळ दोघांचे लिहिलेत, रोज, वही संपेपर्यंत. दार कुणासाठी उघडत होती हे मला वेगळं शोधावं लागलं नाही.

तिचं नाव वहीच्या पुठ्ठ्याच्या आत सापडलं, कित्त्यातच, त्यांच्या अक्षरात. ते इथे लिहीत नाही. घरात मात्र आता पितृपंधरवड्यात दोघांची नावं घेतली जातात.

धागाकर्ती

ताई, हे वाचून हात थंड पडले. आवाज अजून येतो?

नारायण पेठेची सून

वाडा पाडून आता इमारत झाली. तिथे आवाज नाही. मला वाटतं, तिला नवा दरवाजा ओळखीचा नसावा. हे मी अगदी मनापासून लिहितेय.

दप्तरात बसणारा

गोष्टी लिहिणाऱ्यांसाठी एक. पेशवाईतल्या कागदांवर बहुधा सुहूर सन, म्हणजे तेव्हाची वर्षं मोजायची एक पद्धत, असतो, तोही अरबी शब्दांत. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे चार, सत्तर, शंभर, हजार: ११७४. यात ५९९ मिळवले की १७७३. पण हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे. वैशाखातलं पत्र एक वर्ष मागे ढकललं गेलं, तर खुनानंतरचा मजकूर खुनाआधीचा होऊन बसतो. रहस्यकथेचा सगळा डोलारा तिथेच कोसळेल.

एरंडवण्यातून

आमच्याकडे कोडं सुटलेलं नाही. आजीच्या ट्रंकेत एक अत्तराची कुपी आहे. रिकामी आहे, तरी श्रावणात वास येतो, हिन्याचा. आजोबा अत्तर लावत नसत. आजीने शेवटपर्यंत काही सांगितलं नाही आणि आईने मला विचारू दिलं नाही.

शिरूरकडचा

सूनबाईंचा अनुभव वाचून माझं म्हणणं थोडं बदलतो. शिध्याच्या नोंदीसारखा कागद मिळणार असेल, तर कोडं सुटू द्यावं. मस्तानीच्या मरणाबद्दल मात्र मी ठाम आहे.

दप्तरात बसणारा

माळ्यावर रुमाल असतील त्यांनी कागद लॅमिनेट करू नका आणि सेलोटेप लावू नका. दोन्हींनी कागद कायमचा जातो. घडी जोराने उलगडू नका. रुमाल ज्या क्रमाने बांधलाय तो क्रम आधी फोटोत धरा, मगच गाठ सोडा. मोडी येत नसेल तर भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा. आणि समास तपासल्याशिवाय हिशेबाची वही रद्दीत देऊ नका.