'वेळ नाही' असं थेट नको

जर्मन मित्राचं बोलावणं टाळताना जर्मनमध्ये 'इश हाबं काइनं त्साइट' म्हणजे 'मला वेळ नाही' म्हणावं का, असं एकाने विचारलंय. व्याकरणाने बरोबर आहे, पण ऐकायला तुटक वाटतं. त्यापेक्षा 'इश हाब शोन वास फोर' म्हणा, माझं आधीच काही ठरलंय. काय ठरलंय ते सांगायची गरज नसते. नक्की नसेल तर 'इश साग दिअर बेशाइट', तुला कळवतो. पण मग खरंच कळवा. साहेबांशी बोलताना 'दिअर'च्या जागी 'ईनन'. होकाराला नुसतं 'पास्ट' पुरतं.

वेळ ठरवताना मात्र फार जपा! 'हाल्ब द्राय' (शब्दशः 'अर्धा तीन') म्हणजे अडीच, साडेतीन नव्हे. आपलं 'साडे' झालेल्या तासावर बसतं, त्यांचं 'हाल्ब' येणाऱ्या तासाकडे बघतं. शंका असेल तर सरळ 'फियरत्सेन उअर द्रायसिश' म्हणा, 14:30.