मोठ्या भावाला लिथियम सुरू होतंय, उन्हाळ्यात काय जपावं?

नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेर तालुक्यातले, कापसाची शेती. मोठा भाऊ, वय ४२, दिवाळीपासून खचलेला. फेब्रुवारीत तो वहिनीला म्हणाला, "माझ्यावाचून तुमचं बरं चालेल." दुसऱ्याच दिवशी त्याला धुळ्याला मानसोपचार तज्ज्ञांकडे नेलं.

एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी सुरू होऊन १८ दिवस झाले. परवापासून तो आपणहून अंघोळ करतो, मळ्यात चक्कर मारतो. आई म्हणते, "आते बरा व्हयना ना, मंग इतल्या गोया कसाले?" मला मात्र आत्ताच जास्त धास्ती वाटते. डॉक्टरांनी बजावलंय की अंगातली ताकद आधी परत येऊ शकते, मनातलं मळभ जायला चार-सहा आठवडे लागतात, म्हणून हेच दिवस डोळ्यांत तेल घालून जपायचे. फवारणीची औषधं काकांकडे नेऊन ठेवलीत. गोळ्या वहिनीच्या ताब्यात, एका वेळी आठवड्यापुरत्याच आणतो.

मरणाचे विचार अजून येतात, हे त्याने स्वतःच सांगितलं. म्हणून आता लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध जोडताहेत. एस्केटामाइनच्या नाकातल्या फवाऱ्याबद्दल मी विचारलं होतं. अमेरिकेत २०२० मध्ये अशा रुग्णांसाठी त्याला मंजुरी मिळाली. डॉक्टर म्हणाले, त्याने नैराश्य लवकर हलकं होतं, पण आत्महत्या टळते असं सिद्ध झालेलं नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. शेतात राबणाऱ्याने लिथियम कसं सांभाळावं? आणि नजर ठेवायची, पण त्याला कैदेत असल्यासारखं वाटू नये, हे कसं जमवलंत?

प्रतिसाद:
दादा, आम्ही भुसावळचे, बायको तीन वर्षं लिथियमवर आहे. घामाने पाणी-मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. पाणी भरपूर, जेवणातलं मीठ नेहमीइतकंच, भर दुपारी शेत नको. अंगदुखीला दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अजिबात नको. जुलाब-उलट्या, हातांची जोरात थरथर, चाल अडखळणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. लिथियमच्या तपासणीसाठी रक्त गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं, किडनी-थायरॉइडही तपासतात.
नजरेचं म्हणाल तर, मी तिला सरळ विचारतो, "आज ते विचार आले का?" विचारल्याने ते वाढत नाहीत. रात्री-बेरात्री टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. धोका वाटला तर मात्र एकटं सोडू नका, थेट दवाखाना गाठा.

धागाकर्ता:
आज जेवणानंतर विचारलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सकाळी आले होते. उद्या पण विचारशील?"