मदत हवी आहे : किनेसिऑलॉजीची प्रॅक्टिकल्स सातपुड्यातल्या मुलांसाठी कशी बदलू?

नमस्कार मंडळी,

नंदुरबार जिल्ह्यात बी.पी.एड.ला (शारीरिक शिक्षणाची पदवी) किनेसिऑलॉजी आणि बायोमेकॅनिक्स, म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र शिकवते. वर्गातली बरीच मुलं धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडची, म्हणजे भिल्ल, पावरा, मावची. बाकीची शहादा-शिरपूरकडची, घरी अहिराणी नाहीतर गुजरी बोलणारी. अभ्यासक्रम माझ्या हातात नाही. प्रॅक्टिकल कसं घ्यायचं आणि जर्नल कसं लिहून घ्यायचं हे मात्र बऱ्यापैकी आहे, आणि तिथेच मदत हवी आहे.

परवा गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) सांध्यांच्या हालचाली मोजत होतो. तोरणमाळच्या बाजूची एक मुलगी उकिडवी बसली. टाचा जमिनीला टेकलेल्या, मांडी पोटरीला चिकटलेली, कुठे ताण नाही. गुडघ्याचं रीडिंग १५० अंशांच्या पुढे गेलं. पुस्तकात १३५. तिने जर्नलच्या ‘सामान्य/असामान्य’ रकान्यात निमूटपणे ‘असामान्य’ लिहिलं आणि सहीसाठी वही पुढे केली. चुलीपुढे, शेतात, अंगणात उकिडवं बसत वाढलेल्या या पोरीचे गुडघे-घोटे ठणठणीत आहेत, आणि स्वतःच्याच वहीत ती असामान्य ठरली! मी तो रकानाच खोडला. “पण मॅडम, एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) विचारतील,” ती म्हणाली. तिचंही खरंच आहे.

आपण वापरतो ते आकडे आले कुठून हेही मुलांना कळायला हवं. गुरुत्वमध्य, म्हणजे शरीराच्या वजनाचा मध्यबिंदू काढताना मांडीचं वजन शरीराच्या १० टक्के धरतो. त्या तक्त्याचं मूळ डेम्पस्टर यांच्या १९५५ च्या कामात आहे. ते अमेरिकी हवाई दलासाठी केलेलं, ८ मृतदेहांवर, सगळे पुरुषांचे आणि बहुतेक उतारवयातल्यांचे. स्किनफोल्डवरून, म्हणजे चिमटीत धरलेल्या कातडीच्या जाडीवरून अंगातली चरबी काढायची ड्युर्निन-वोमर्स्ले यांची समीकरणं १९७४ ची, ग्लासगोच्या लोकांवरची. बीएमआयचं (उंचीच्या मानाने वजन) तेच. आशियाई लोकांसाठी २३ पासूनच धोका वाढतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये सांगितलं, तरी आमच्या जर्नलात अजून २५ च छापलेलं. या संशोधकांनी प्रामाणिकपणे काम केलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण वीस वर्षांची पावरा मुलगी त्या मापांत कुठेच नाही.

जयपूर फूट याच कारणासाठी जन्माला आला ना? बाहेरच्या कृत्रिम पायावर उकिडवं बसता येईना, मांडी घालता येईना, अनवाणी चालता येईना. म्हणून १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी आपल्या माणसांच्या बसण्या-उठण्याला चालेल असा पाय घडवला. हे मी पहिल्याच तासाला सांगते आणि वर्ग एकदम जागा होतो.

आता अडचणी. हालचालींच्या विश्लेषणाला पुस्तकात बेसबॉलचा पिच आणि गोल्फचा स्विंग. मला गोफण, तीरकामठा आणि खो-खोतलं बसल्या जागेवरून उठणं घ्यायचंय. गोफणीत त्रिज्या, कोनीय वेग, दगड सुटतानाचा कोन, सगळं आहे. कुणी हे मोजलंय का? आमच्याकडे फक्त मोबाइल आहेत.

स्किनफोल्डला चार जागा लागतात, त्यात खांद्याच्या पात्याखाली आणि कमरेच्या हाडावर कपडा सरकवावा लागतो. मुली तोंडाने नाही म्हणत नाहीत, त्या दिवशी गैरहजर राहतात आणि गुण जातात.

सगळ्यात काळजीची गोष्ट सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आमच्या पट्ट्यात घरोघरी एएस पॅटर्नची, म्हणजे वाहक मुलं आहेत. एरवी धडधाकट असतात, पण उन्हात, पाणी न पिता जीव तोडून पळालं तर वाहकालाही धोका होऊ शकतो. आमची कूपरची १२ मिनिटांची धाव (दम तपासायची चाचणी) नेमकी मार्चमध्ये येते. सगळ्यांची तपासणी करून यादी करू का?

प्रतिसाद – पांझराकाठ

ताई, तुम्हनं म्हननं बराबर शे. मी धुळ्यात फिजिओथेरपी शिकवतो. यादी अजिबात करू नका, ती उद्या निवडीच्या वेळी बाहेर काढायची वस्तू होते. अमेरिकेत एनसीएएने (कॉलेजांच्या खेळांची संघटना) २०१० पासून पहिल्या विभागातल्या खेळाडूंना तपासणी लावली, तर २०१२ मध्ये तिथल्याच रक्तरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सक्तीला विरोध करून काळजीचे नियम सगळ्यांनाच लावा म्हटलं. तेच करा. धाव सकाळी सातच्या आत, आधी दोन-तीन आठवडे हळूहळू सराव, पाणी जवळ, आणि थांबावंसं वाटलं की कारण न विचारता थांबायची मुभा. मात्र जो नुसता वाहक नाही, ज्याला प्रत्यक्ष सिकलसेलचा (एसएस) आजार आहे त्याची धाव डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. तपासणी ज्याला हवी त्याने सरकारी दवाखान्यात जाऊन करावी, कागद त्याच्याकडेच राहू द्या.

गोफणीसाठी मोबाइलचं स्लो मोशन आणि किनोव्हिया (व्हिडिओवरून हालचाल मोजायचं सॉफ्टवेअर) पुरे, ते फुकट आहे. गोफण ज्या प्रतलात फिरते त्याला कॅमेरा काटकोनात बघेल असा फोन स्टँडवर ठेवा आणि फ्रेममध्ये मीटरपट्टी हवीच. मोकळं रान बघा, दगडाऐवजी चिंध्यांचा गोळा घ्या.

स्किनफोल्ड मुलींनी मुलींचं, बंद खोलीत. नको असेल तिला पोटरीचा घेर मोजू द्या, टेप धरायचं कौशल्य तेवढंच तपासता येतं.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. धावेची वेळ उद्याच बदलते. जर्नलात ‘सामान्य/असामान्य’ काढून ‘पुस्तकातलं मान’ आणि ‘आपल्या वर्गाची सरासरी’ असे दोन रकाने करतेय. इथे एक्स्टर्नल म्हणून जाणारे कुणी असतील तर सांगा, असं जर्नल समोर आलं तर तुम्ही गुण कापाल का?