मदत हवी आहे: रत्नागिरीत आईला रत्नदुर्गावर न्यायचंय
डिसेंबर एंडला नाशिकहून स्वतःच्या गाडीने रत्नागिरीला जातोय, मुक्काम शहरातच बुक झालाय. थिबा पॅलेस, भाट्ये, पावस ठरलंय, गणपतीपुळ्याला आरे-वारेच्या रस्त्यानेच जाणार, समुद्र बघत जायची मजा हायवेला नाही. प्रश्न फक्त रत्नदुर्गाचा. आईचे गुडघे दुखतात, हळूहळू थोड्या पायऱ्या चढते पण जास्त नाही, आणि किल्ल्यावरच्या भगवतीचं दर्शन तिला घ्यायचंच आहे. मॅप बघितला, व्हिडिओ पण बरेच बघितले, सगळे ड्रोनने तीन बाजूंचा समुद्र दाखवतात, पायऱ्या कोणीच दाखवत नाही. वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्यांनी प्लीज सांगा, गाडी नेमकी कुठपर्यंत जाते, तिथून मंदिरापर्यंत साधारण किती पायऱ्या आहेत आणि मध्ये टेकायला जागा आहे का?