रि: मदतीचा तक्ता – लसीचा रकाना कोणी घातला?

प्रेषक: माई
मंडळी, सकाळी बाळंतिणीच्या घरच्या मदतीचा तक्ता उघडला तर "लस घेतली का? हो / नाही" असा नवाच रकाना! कोणाचं हे काम? तक्ता मी बघते, निदान एक ओळ टाकायची होती. तो रकाना बघून दोघींनी आपली नावं काढून घेतली आहेत. आता त्यांना फोन मीच करायचे.

प्रेषक: सचिव
मीच घातला. बाळंतिणीची केमो (कॅन्सरवरची औषधं) गरोदरपणात झाली हे तिने आणि तिच्या नवऱ्यानेच इथे लिहिलं होतं, त्यामुळे मी काही गुपित फोडत नाहीये. केमोने पांढऱ्या पेशी मरतात, मग पोटातल्या बाळाच्या उरल्या असतील का? प्रतिकारशक्तीच नसलेल्या बाळाकडे कोणीही उठून जायचं? मागच्या वेळी खोकत खोकत कोण गेलं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणखी एक ओळ घालणार आहे: ज्यांच्या घरी मुलांना नुकत्याच जिवंत लशी (कमजोर केलेले जिवंत जंतू असलेल्या) दिल्यात त्यांनी महिनाभर तिकडे फिरकू नये.

प्रेषक: अण्णा
उगाच बागुलबुवा. माझ्या धाकट्या बहिणीला गरोदरपणी स्तनाचा कॅन्सर निघाला, पोटुशी असतानाच केमो झाली. पोरगी आता कॉलेजात आहे, सगळ्या लशी वेळच्या वेळी झाल्या तिच्या. आईचं दूध मिळालं की प्रतिकारशक्ती आपसूक येते. तिला निवांत पाजू द्या, फॉर्म कसले भरून घेताय?
ता.क. तक्ता मोबाइलवर अर्धाच दिसतो.

प्रेषक: माई
अण्णा, फोन आडवा धरा.

प्रेषक: डॉक्टरकाका
दुधाचं आधी लिहितो, नाहीतर अण्णांचं वाचून कोणीतरी तिला फोन करेल. तिच्या केमोच्या फेऱ्या अजून बाकी आहेत. औषधं दुधात उतरतात, त्यामुळे केमो चालू असताना अंगावर पाजायचं नसतं. हे तिला सांगून झालंय आणि तिने ते कसंबसं पचवलंय. कृपा करून तो विषय तिच्यापुढे काढू नका. शिवाय नवजात बाळाच्या रक्तातलं संरक्षण म्हणजे आईकडून आलेलं आयजीजी (एका जातीचं प्रतिपिंड, म्हणजे जंतूंशी लढणारं प्रथिन). ते नाळेतून येतं, बहुतांश शेवटच्या तिमाहीत. पूर्ण दिवसांच्या बाळात ते आईइतकं, कधी थोडं जास्तच असतं. दुधातलं आयजीए (दुसऱ्या जातीचं प्रतिपिंड) मुख्यतः आतड्याच्या अस्तरावर काम करतं. त्याचा फायदा आहेच, पण ते नाही म्हणून बाळ उघडं पडत नाही.

सचिवबाई, "प्रतिकारशक्तीच नाही" असं सरसकट नसतं. अवयव घडायच्या काळात, म्हणजे पहिल्या तिमाहीत, केमो टाळतात. नंतर देता येते. डोस झाल्यावर साधारण दहा ते चौदा दिवसांनी पांढऱ्या पेशी तळाला जातात. म्हणून शेवटचा डोस आणि प्रसूती यांत तीनेक आठवडे मोकळे ठेवतात आणि 35 आठवड्यांनंतर सहसा नवा डोस देत नाहीत. हे अंतर मिळालं तर आई आणि बाळ दोघांचे काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) वर येतात. कळा आधीच सुरू झाल्या तर बाळाचे न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कमी सापडू शकतात, म्हणून जन्मल्यावर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करतात. कमी असले तरी ते तात्पुरतं असतं.

बऱ्याचदा केमोपेक्षा अपुरे दिवस जास्त त्रास देतात. बाळ जितकं लवकर, तितकं नाळेतून आलेलं आयजीजी कमी. बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या फ्रेडेरिक अमांत यांच्या गटाने 2015 साली आईला गरोदरपणात कॅन्सर झालेली 129 मुलं इतर मुलांशी ताडून पाहिली. त्यांतल्या 96 जणांच्या आईला गरोदरपणात केमो झाली होती. वाढ, बुद्धी, हृदय यांत केमोचा दोष दिसला नाही. बुद्धीच्या चाचणीतले गुण जन्म कितव्या आठवड्यात झाला त्यावर हलत होते. ती प्रतिकारशक्तीची पाहणी नव्हती, पण ठरवून लवकर प्रसूती करायची घाई का करू नये ते त्यातून कळतं.

आता अण्णांची भाची. स्तनाचा कॅन्सर वेगळा, आपल्या बाळंतिणीचा लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) वेगळा. हिच्या औषधांत रितुक्सिमॅब आहे, आणि ते मुळात आयजीजी जातीचंच प्रतिपिंड आहे. आईची प्रतिपिंडं ज्या वाटेने नाळ ओलांडतात त्याच वाटेने तेही आत शिरतं आणि बाळाच्या बी पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) घटवतं. काही महिन्यांत, साधारण सहाच्या आसपास, त्या भरून येतात. तोवर बीसीजी, रोटा (जुलाबाच्या विषाणूवरची) या जिवंत लशी थांबवायच्या. हेपॅटायटिस बी, त्रिगुणी या निर्जीव लशी मात्र वेळेवर द्यायच्या.

प्रेषक: सचिव
म्हणजे माझा रकाना बरोबरच होता. जिवंत लशीवाल्या घरांची ओळ आत्ताच घालते.

प्रेषक: डॉक्टरकाका
अहो, उलटं होईल! येणाऱ्यांच्या घरातली मुलं लस घेतलेलीच हवीत. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस घेतलेल्या मुलाकडून ते विषाणू पसरत नाहीत. कांजिण्यांच्या लशीनंतर पुरळ उठलं तर ते जाईपर्यंत लांब राहा. रोटा घेतलेल्या मुलाचं डायपर बदललं की साबणाने हात धुवा. तोंडी पोलिओ दिलेल्या मुलाला तेवढं न्यायचं नाही.
"लस घेतली का" म्हणजे कोणती? फ्लू आणि डांग्या खोकला, एवढंच विचारा. आणि खरा प्रश्न त्या दिवशीचा: आज सर्दी, ताप, जुलाब, ओठावर फोड यांतलं काही आहे का? ओठावरचा फोड कोणी मनावर घेत नाही. बाळाचा पापा घेतला आणि त्या फोडातला हर्पीसचा विषाणू बाळाला लागला, तर तो कुठल्याही नवजात बाळाला झेपत नाही, केमो असो नसो.

प्रेषक: माई
ओठावरच्या फोडाचा रकाना मी करणार नाही. लोक काय म्हणतील? निघायच्या आधी मला फोन करा, मी विचारीन.

प्रेषक: बाळाचे बाबा
सगळं आत्ता वाचलं. बाळाचे काउंट ठीक आहेत, बी पेशींची तपासणी पुढे होईल, तोवर जिवंत लशी थांबवल्या आहेत. बाळाजवळ मावशी आहे, तिथे कोणी नको आहे. मदत मागितली होती ती थोरल्याला शाळेतून आणायला. आणि बाळाला 38 अंश ताप आला तर सकाळची वाट न बघता तडक इमर्जन्सीत आणायला सांगितलंय. रात्री गाडी काढू शकेल असं कोणी आहे का? माझी गाडी गॅरेजमध्ये आहे.

प्रेषक: अण्णा
रात्रीची गाडी माझी. कितीही वाजता फोन कर. फॉर्म भरणार नाही.

प्रेषक: माई
अण्णा, तक्त्यात नाव नसेल तर मी धरत नाही. लसीचा रकाना काढलाय, "रात्रीची गाडी" घातलाय. शाळेसाठी गुरुवार, शुक्रवार रिकामे आहेत. आणि सचिवबाई, तक्ता बदलायची सोय आता फक्त माझ्याकडे ठेवली आहे.

प्रेषक: सचिव
हे समितीच्या बैठकीत ठरायला हवं होतं. गुरुवार मी घेते.