बाबांच्या १९७८ च्या स्टिरिओपुढे ट्यूब प्रीअँप लावणार, पटत नसेल तर कारण द्या

शनिवारची_रेकॉर्ड (धागाकर्ता)

बाबांनी १९७८ साली घेतलेला स्टिरिओ अजून आमच्या डोंबिवलीच्या घरात आहे. ट्रान्झिस्टरचा अँप, चॅनेलला जेमतेम १५ वॉट, दोन लाकडी स्पीकर आणि टर्नटेबल. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा तिकडेच वाहत जाईल. आवाज पातळ येतो. तबल्यात चाट ऐकू येते, डग्गा गायब. किशोरीताई आमोणकरांची रेकॉर्ड लावली की तानपुरा डासासारखा गुणगुणतो.

मागच्या महिन्यात टर्नटेबल उचलून मित्राकडे नेला, त्याच्या ट्यूब प्रीअँपला (मुख्य अँपच्या आधी लागणारा, काचेच्या नळ्यांवर म्हणजे ट्यूबवर चालणारा छोटा अँप) जोडला आणि राव, मी खुर्चीत ताठ बसलो. तोच टर्नटेबल, तीच रेकॉर्ड, तीच सुई, आणि खर्ज असा भरून आला की बाबा असते तर उठून दार लावून घेतलं असतं शेजाऱ्यांसाठी. तर माझं मत पक्कं झालंय, जुन्या सेटमध्ये जीव आणायचा असेल तर पुढे ट्यूब आणि मागे ट्रान्झिस्टर, म्हणजे गोडवा पण आला आणि जोर पण आला. विरोध असेल तर कारण द्या, नुसतं "मनाचे खेळ" म्हणून पळू नका.

टूएन_३०५५

कारण देतो. मित्राकडे खोली वेगळी, स्पीकर वेगळे, पॉवर अँप वेगळा, आणि सगळं श्रेय त्या एका लुकलुकणाऱ्या बाटलीला. हे कुठलं गणित?

ट्यूब प्री करतो काय, तर थोडं सेकंड हार्मोनिक डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा सूर, स्वतःच्या पदरचा मिसळतो. कानाला गोड लागतं, मान्य, पण ते रेकॉर्डवर नाहीये. झणकार आणणारी जवारी तानपुऱ्याला लावायची, अँप्लिफायरला नाही. आणि तोच गोडवा हवा असेल तर ट्रान्झिस्टर पण देतो की. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या अँप बनवणाऱ्या बॉब कार्व्हरने स्टिरिओफाइल मासिकवाल्यांसमोर आपला ट्रान्झिस्टर अँप एका महागड्या ट्यूब अँपसारखा वाजेल असा जुळवून दाखवला आणि त्या मंडळींना फरक सांगता आला नाही. विषय संपला खरं तर.

व्हॉल्व्हवाले_काका

पहिलं म्हणजे हे ट्यूब ट्यूब बंद करा. आमच्या वेळी ट्यूब म्हणजे छताला लुकलुकायची ती. व्हॉल्व्ह म्हणायचं.

३०५५, कार्व्हरची गोष्ट अर्धीच सांगितलीस बाळा. पुढे त्याच गृहस्थाने सिल्व्हर सेव्हन नावाचे व्हॉल्व्हचे अँप काढले. म्हणजे जो "फरक नाही" म्हणाला तोच नंतर व्हॉल्व्ह विकायला बसला 😄

पण धागाकर्त्या, तुझंही चुकतंय. पुढे व्हॉल्व्ह मागे ट्रान्झिस्टर म्हणजे आमरसात कस्टर्ड. करायचं तर पूर्ण कर. ईएल८४ व्हॉल्व्हची जोडी पुशपुलमध्ये (एक ढकलतो, एक ओढतो) चॅनेलला १२ वॉट आरामात देते. तुझ्या १५ वॉटांशी तुलना केलीस तर फरक एका डेसिबेलचा, तुला कळणारसुद्धा नाही. माझ्याकडे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह अजून डब्यात आहेत, खोक्यासकट. खरा खर्च आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा (व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला), तिथे मात्र काटकसर करू नकोस, स्वस्तातला गुंडाळून घेतलास तर खर्ज तिथेच मरतो.

टूएन_३०५५

काका, चार ईएल८४ म्हणजे प्रत्येकीचा हीटर ६.३ व्होल्टला ०.७६ अँपिअर, जवळपास पाच वॉट एकेकीचे. वीस वॉट नुसता निखारा पेटवायला, गाणं अजून सुरूच झालं नाही. मे महिन्यात डोंबिवलीत हे घेऊन बसायचं?

व्हॉल्व्हवाले_काका

वीस वॉटने डोंबिवली तापत नाही रे. ती आधीच तापलेली आहे.

मुकाट_ऐका

आत तीनशे व्होल्ट डीसी असतो, हे कुणी बोललंच नाही. प्लग काढला तरी कंडेन्सर (म्हणजेच कपॅसिटर) तो धरून ठेवतात. घरात लहान पोरं असतील तर झाकणाशिवाय व्हॉल्व्हचा अँप शोकेसमध्ये मांडू नका, फोटो कितीही भारी येवोत.

सोल्डरताई

सगळे अँपवर भांडताय, पण टर्नटेबलला कार्ट्रिज (सुई ज्यात बसते तो भाग) कोणतं आहे हे कुणीच विचारलं नाही. सिरॅमिक की मॅग्नेटिक? आणि घरच्या अँपला तू ते कुठल्या सॉकेटात लावतोस?

शनिवारची_रेकॉर्ड

सिरॅमिक, बाबांच्या वेळचंच. ऑक्समध्ये (इतर यंत्रांसाठीचं सॉकेट) लावतो. फोनोचा, म्हणजे रेकॉर्डसाठीच्या सॉकेटचा, सिलेक्टर खरखरतो आणि डावा चॅनेल मध्येच जातो, म्हणून वैतागून ऑक्समध्ये घातलं, तीन-चार वर्षं झाली असतील. का?

सोल्डरताई

मग चोर सापडला 🙂

सिरॅमिक कार्ट्रिज म्हणजे अंगाने एक छोटासा कपॅसिटर असतो. त्याला पुढे १-२ मेगाओमचा इनपुट लागतो (हा इंपिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध). तुझ्या ऑक्सचा इनपुट फार तर ५०-१०० किलोओम असणार. इतक्या कमी इंपिडन्सला जोडलं की खालचे सूर गळून जातात आणि उरतो तो तुझा डास. मित्राचा ट्यूब प्री १ मेगाओमचा असणार, ट्यूबच्या ग्रिडला (सिग्नल जिथे आत जातो ती जाळी) ते सहज जमतं. म्हणजे तिथे खर्ज "भरून आला" नाही, इथे जो गळत होता तो तिथे गळला नाही.

विश्वास ठेवू नकोस, करून बघ. दोन्ही चॅनेलला सिग्नलच्या तारेत १ मेगाओमचा एकेक रेझिस्टर सिरीजमध्ये टाक. रुपया-दोन रुपयांचं काम. आवाज एकदम बारीक होईल, व्हॉल्यूम पार वर न्यावा लागेल, हिस्स पण येईल, तिकडे लक्ष देऊ नकोस. फक्त डग्गा ऐक.

आणि तरीही ट्यूब प्री घ्यायचाच असेल तर दोन गोष्टी. ऑनलाइन जे स्वस्त बोर्ड मिळतात त्यातले बरेच ट्यूबला तुटपुंजा व्होल्टेज देतात आणि खालून केशरी एलईडी लावतात, म्हणजे तू पैसे दिव्याचे देतोस. दुसरं म्हणजे पुढच्या अँपचा इनपुट बघ. प्रीअँपमधल्या ईसीसी८३ ट्यूबच्या अॅनोडवरून (जिथून सिग्नल मोठा होऊन बाहेर येतो ते टोक) थेट आउटपुट काढलं तर त्याचा इंपिडन्स ४० किलोओमच्या आसपास, आणि जुन्या ट्रान्झिस्टर पॉवर स्टेजचा इनपुट कित्येकदा २० किलोओम. हत्तीला सायकलवर बसवण्यातला प्रकार. आउटपुटचा इंपिडन्स कमी करणारा कॅथोड फॉलोअर असला तरी आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर २० किलोओमवर ८० हर्ट्झलाच आवाज ३ डेसिबेल खाली जातो. म्हणजे ज्या डग्ग्यासाठी हा खटाटोप तोच परत जाणार. १ मायक्रोफॅरड टाकला की ८ हर्ट्झ, मग चिंता नाही.

टूएन_३०५५

सोल्डरताई +१. आणि १ मेगाओमसाठी ट्यूबच कशाला, एक साधा एफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) ते काम करतो, वाटाण्याएवढा असतो, तापत नाही, कुणाला शॉक देत नाही.

व्हॉल्व्हवाले_काका

आणि वाटाण्याएवढाच आनंद देतो.

शनिवारची_रेकॉर्ड

काल रात्री बसलो. एका डब्यात बाबांचे जुने रेझिस्टर होते, मेगाओमचे नव्हते, मग पुण्याहून येणाऱ्या भाच्याला सांगितलं, तो तिथल्या तपकीर गल्लीतून घेऊन आला. चिकटवले कसेबसे. व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेला. आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा बारीक, पण डग्गा आला. खरंच आला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता कसं, पूर्वीसारखं वाटतंय."

थोडी लाज वाटली. चार वर्षं मी चुकीच्या भोकात पिन घालून सेटला शिव्या देत होतो.

मग आज सिलेक्टर उघडला. आधी सेट सिरीज बल्बवर (विजेच्या तारेत मध्ये बल्ब जोडून) लावून बघितला, बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला, म्हणजे आत शॉर्ट नाही. सिलेक्टरच्या पत्र्या काळ्याठिक्कर. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-पंचवीस वेळा फिरवला. डावा चॅनेल आला, टर्नटेबल परत फोनोवर. पॉवर सप्लायचा एक कंडेन्सर वरून फुगलाय, तो बदलायचाय.

सोल्डरताई

एकच बदलू नकोस. सगळे त्याच वयाचे आहेत, आज एक फुगला तर उद्या दुसरा. व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, आणि पोलॅरिटीचा फोटो काढून ठेव आधी.

टूएन_३०५५

म्हणजे ट्यूबचा विषय बाद. लिहून टाका शीर्षकात.

शनिवारची_रेकॉर्ड

बाद कुठे म्हटलं मी? पातळपणाचं कारण ट्यूब नसणं हे नव्हतं एवढं मान्य. पण मित्राकडे जे ऐकलं त्यात खर्जाशिवाय पण काहीतरी होतं, आवाजाभोवती हवा असल्यासारखं. ते रेझिस्टरने आलं नाही.

व्हॉल्व्हवाले_काका

शाब्बास. रविवारी ये ठाण्याला. माझा ईएल८४ वाला आणि एक ट्रान्झिस्टरचा, दोन्ही एकाच स्पीकरवर आळीपाळीने जोडतो. रेकॉर्ड तुझी आण. त्या ३०५५ ला पण आण, चहा दोघांना मिळेल, पण कुठला चालू आहे ते सांगणार नाही, मध्ये पडदा.

टूएन_३०५५

येतो. पण आवाजाची पातळी दोन्हीची सारखी हवी, अर्धा डेसिबेल जास्त असला तरी कान त्यालाच चांगला म्हणतो. मल्टिमीटर मी आणतो, काकांच्या कानावर माझा भरवसा नाही.