धनुर्वात ‘संसर्गजन्य’ म्हणावा का?

ओळंबा : आरोग्यपुस्तिकेच्या भाषांतरात एक वाक्य अडलंय : धनुर्वात इन्फेक्शियस (जंतूंमुळे होणारा) आहे, पण कन्टेजियस (एकाकडून दुसऱ्याला पसरणारा) नाही. दोन्हीकडे ‘संसर्गजन्य’ लिहिलं तर वाक्य स्वतःलाच खोडतं. काय लिहावं?

चकवा : ‘संसर्ग’ सम् + सृज् वरून, मिसळणं, संबंध येणं. म्हणजे तो कन्टेजियसचा जुळा. धनुर्वाताचे बीजाणू मातीतून खोल जखमेत जातात, प्राणवायू न पोचणाऱ्या मेलेल्या ऊतीत रुजून विष सोडतात. ते चेतातंतूंतून मज्जारज्जूपर्यंत चढतं आणि स्नायूंना सैल ठेवणारे संदेश अडवतं, म्हणून दातखिळी. रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्याला तो होत नाही. यात संसर्ग कुठे आला? ‘जंतुजन्य, पण संसर्गजन्य नाही’ लिहा.

अनुस्वार : सरळ ‘स्पर्शजन्य नाही’ म्हणा की.

चकवा : मग गोवराचं काय करणार? रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकतो. कोणी कोणाला शिवलेलंही नसतं.

अनुस्वार : बरं, ‘संक्रामक’.

चकवा : ते हिंदी वर्तमानपत्रांतून आलंय. आपल्याकडे संक्रमण सूर्य करतो.

अनुस्वार : शब्द संस्कृत, तुमचा ‘संसर्ग’ही संस्कृत. एकाला घरचा म्हणायचं आणि दुसऱ्याला परका, हे काही पटलं नाही.

तिठा : दोघेही ‘लागण’ विसरलात. उसाची लागण तीच रोगाची : जंतू नुसता येऊन पडणं नव्हे, रुजून वाढणं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू साधारण ३० टक्के निरोगी माणसांच्या नाकात असतो. ती लागण नाही. तोच जखमेत वाढून पू धरला की लागण.

चकवा : उसाची लागण ‘लावणे’वरून, रोगाची ‘लागणे’वरून. ओढून आणलेली व्युत्पत्ती.

तिठा : ‘लावणे’ हे ‘लागणे’चंच प्रयोजक. आणि लागण म्हणजे आजार नव्हे, हा फरकही लिहिताना पाळा. गोवराचा पुरळ लागणीनंतर सुमारे १४ दिवसांनी उठतो, पण माणूस त्याआधी ४ दिवसांपासून रोग पसरवत असतो. ‘पुरळ दिसताच वेगळं ठेवा’ ही सूचना तेवढी उशिराची.

अनुस्वार : मग ‘अन्नातून विषबाधा’ कशात मोडते?

तिठा : त्या एका शब्दात दोन गोष्टी कोंबल्यात. स्टॅफिलोकॉकसचं विष अन्नातच तयार होतं. अर्ध्या तासापासून आठ तासांत उलट्या सुरू. पुन्हा उकळलं तर जंतू मरतात, विष टिकतं. ही खरी विषबाधा. साल्मोनेला हा जंतू मात्र आतड्यात शिरून वाढतो, सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही त्रास सुरू होतो. ती लागण.

चकवा : ‘बाधा’ भुताचीही होते. त्या शब्दाला आधी वैद्यकातून बाहेर काढा.

ओळंबा : आणि माझं धनुर्वाताचं वाक्य?

अनुस्वार : थांबा जरा. विषबाधेला दुसरा शब्द कोणता सुचवताय, चकवा?